चिकाटीचं माप

श्रोतेहो, नमस्कार. तांदूळ मोजायला पायली आहे. पण चिकाटी कशाने मोजाल? चिकाटी दिसत नाही, दिसतं ते वागणं. मानसशास्त्रीय चाचणी वागण्याबद्दल विचारते आणि आतल्या गुणाचा अंदाज बांधते. अंदाज, बरं का. 1905 साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी 30 कामांची बुद्धिचाचणी केली, तीही मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून.

मालवणजवळ एका शाळेत मी समुपदेशक होते. नववीला चिकाटीची चाचणी दिली. एक प्रश्न होता, 'हाती घेतलेलं काम तू अर्धवट सोडतोस का?' मच्छीमाराच्या घरातल्या एका मुलाने ठळक 'होय' लिहिलं. पुढच्याही तसल्या प्रश्नांना 'होय'. वर्गात सगळ्यांत कमी गुण त्याला. नारळी पौर्णिमेनंतर तीच चाचणी पुन्हा घेतली, पुन्हा तेवढेच गुण. मला वाटलं, चाचणी पक्की आहे.

मग एका संध्याकाळी मासळी घ्यायला किनाऱ्यावर गेले. बांगडा मी वाट्यानेच घेते; किलोवर घेतला की घेणारी-विकणारीतलं बोलणंच संपतं. तर तो मुलगा वाळूत बसून फाटलं जाळं शिवत होता. दिवेलागण झाली, बाकीची पोरं खेळून घरी गेली, हा जाळ्याचं एकेक भोक सांधतोच आहे. मी विचारलं, "अरे, मग 'होय' का लिहिलंस?"

तो म्हणाला, "बाई, वारो फिरलो काय जाळां थंयच सोडून परतूक व्हया. नायतर घराक कोण येतलो?"

मी तिथेच वाळूत बसले. त्याच्या घरात काम अर्धवट सोडता येणं म्हणजे समुद्र कळणं! दर वेळी तेच गुण येणं, ही विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जाणं, ही वैधता. पुन्हा सांगते, दर वेळी तेच गुण आले म्हणून हवं तेच मोजलं गेलं, असं नाही.

धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं, ते नुसतं भाषांतर करून भागत नाही म्हणूनच. मीही तो प्रश्न किनाऱ्यावरच्या मुलांशी बोलून नव्याने लिहिला.

दहावीनंतर मुलाने कल-चाचणी, म्हणजे त्याचा ओढा कशाकडे आहे ते पाहणारी चाचणी, दिली तर तिचा अहवाल घरी येईल. प्रश्न गोपनीय असतात, ते रास्तच आहे. पण गुण बघण्याआधी मुलाला जवळ बसवा आणि विचारा, कुठल्या प्रश्नाला काय मनात आणून उत्तर दिलंस?