भिरभिरत येतं, पण थांबत नाही

[दृश्य: वर्षावनाचा माथा, पहाटेचं धुकं. एक फळ देठापासून सुटतं.]

बोर्निओ बेटाच्या उत्तरेला मलेशियाचं सबाह राज्य. तिथल्या दानुम खोऱ्यात 'मेनारा' नावाचा पिवळा मेरांटी वृक्ष उभा आहे. 2019 साली एका माणसानं शेंड्यापर्यंत चढून फीत सोडली, तेव्हा उंची भरली 100.8 मीटर.

हा डिप्टेरोकार्प कुळातला वृक्ष. ग्रीक शब्दांचा अर्थ दोन पंखांचं फळ, पण नावावर जाऊ नका. डिप्टेरोकार्पस प्रजातीत लांब पंख दोन असतात, मेरांटीत बहुधा तीन लांब आणि दोन आखूड. काही जातींना तर पंखच नाहीत. मध्य भारतातला साल वृक्षही याच कुळातला. आणि हे पंख फळातून फुटत नाहीत. ती फुलाची निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची दलं. पाकळ्या गळून जातात, निदलं मात्र वाढत राहतात आणि वाळून चिवट होतात.

[दृश्य: संथ गतीत फिरणारं फळ, खालून.]

जड कवच खाली, पंख वर. प्रत्येक पंखाला एकाच दिशेनं किंचित पीळ असतो. खालून येणारी हवा त्या तिरप्या पंखांवर आदळते आणि फळ गरगर फिरू लागतं. फिरणाऱ्या पंखांवर वरच्या दिशेनं जोर मिळतो, म्हणून पडण्याचा वेग वाढतच जात नाही. पंखांचा बाकही नेमका लागतो. ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या बाकाची फळं त्रिमितीय छपाईनं बनवून पाण्यात सोडली. बाक फार कमी असो की फार जास्त, फळ लवकर तळाला गेलं.

घरी करून बघायचं तर 20 सेंटिमीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद कागदाची पट्टी घ्या. वरून मधोमध 8 सेंटिमीटर कापा. एक पाती पुढे दुमडा, दुसरी मागे, आणि खाली एक क्लिप लावा. दोन्ही पात्या एकाच बाजूला दुमडल्या तर ते फिरत नाही, नुसतं डगमगत पडतं. क्लिपा वाढवल्या की फिरतं जोरात, पण उतरतंही लवकर.

एवढी करामत करूनही फळ जातं किती लांब? जोराचा वारा नसेल तर फार तर वीस-तीस मीटर. बहुतेक फळं आईच्याच आसपास पडतात. दूरवर पसरण्यासाठी पंख, ही समजूत या झाडांच्या बाबतीत फारशी टिकत नाही. लांबचा पल्ला मिळतो तो वादळात, आणि तोही थोड्यांनाच.

[दृश्य: जंगलाची जमीन, पंखांनी झाकलेली.]

ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. दोन ते दहा वर्षांत कधीतरी, अनेकदा एल निन्योच्या कोरड्या काळानंतर, कितीतरी जाती एकदम बहरतात. दाढीवाली रानडुकरं आणि भुंगेरे खाऊन खाऊन थकतात, तरी बरंच उरतं.

पण उरलेलं बी वाट बघत नाही. धान्यासारखं सुकवून डब्यात भरलं की ते मरतं, कारण आतलं पाणी गेलं की गर्भही गेला. फार थंडीही याला सोसत नाही, त्यामुळे बीजपेढीतला शीतकपाट इथे निरुपयोगी. सालाचं बी जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं.

म्हणून रोपवाटिकेतली गडबड. फळ पडल्यापासून दोन-चार दिवसांतच वेचायचं. मूठभर फळं कापून बघायची: आत पांढरट-हिरवा, ओलसर गर हवा, भुगा किंवा काळे डाग नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली फळं तापतात, त्यांना बुरशी लागते, नाहीतर पिशवीतच अंकुर फुटून मुळं मोडतात. त्यापेक्षा तागाचं पोतं आणि सावली बरी. पंख हातानं मोडावेत, कवचाला इजा न करता. मग बी आडवं ठेवून अर्धं मातीत दाबायचं.

माती कुठली, हे महत्त्वाचं. या झाडांच्या मुळांना विशिष्ट बुरशीची सोबत लागते. मोठ्या डिप्टेरोकार्पखालची थोडी माती मिसळली नाही, तर रोपं पिवळी पडून खुरटतात.

[दृश्य: गुडघ्याएवढी रोपं, दाट सावलीत.]

जंगलाचा साठा बियांचा नसतोच, रोपांचा असतो. ही चार-सहा पानांची रोपं वर्षानुवर्षं सावलीत अडून राहतात. मोठं झाड कोसळून उजेड आला, की झपाट्यानं वाढू लागतात.

बी हुकलं तर हीच रोपं उचलतात. पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, वीतभर उंचीची. उपटताना सोटमूळ तुटणार नाही, हे जपायचं. मोठी पानं अर्धी कापायची, मुळं ओल्या कापडात, आणि कुंडीत लावल्यावर तीन-चार आठवडे बंद प्लास्टिकच्या तंबूत. तंबू एकदम उघडला तर पानं दुपारपर्यंत करपतात. आधी एक कड उचलायची, मग रोज थोडी जास्त.