मामाच्या पद्मिनीचं इंजिन: बांधायचं की बदलायचं?

(दृश्य: आंबा घाटातलं वळण. कठड्याला खेटून उभी पांढरी पद्मिनी, बॉनेट उघडं.)

साखरप्याहून आंबा घाट चढताना मामाची पद्मिनी पहिल्यांदा थांबली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि निघाली. गेल्या मे महिन्यात एकाच चढात ती तीनदा थांबली. शेजारून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने वेग कमी करून विचारलं, "पाणी देऊ का?" मामाने नुसती मान हलवली. पाणी डिकीत दोन कॅन भरून होतं. पण सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. गाडी ऑइल खायला लागली होती.

घरी पोचल्यावर दोन पक्ष पडले. मामा म्हणाला, "इंजिन काम काढू, हेच उघडून नव्याने बांधू." मामेभाऊ म्हणाला, "कशाला? मारुती जिप्सीचं इंजिन टाकू." मामी म्हणाली, "विकून टाका." मामीचं मत या चित्रफितीत पुन्हा येणार नाही, पण म्हणून ते चुकीचं होतं असं समजू नका.

(दृश्य: पद्मिनीचं स्टिअरिंग, त्याच्या बाजूचा गिअरचा दांडा, डॅशबोर्डवरचा गणपती.)

गाडी 1974 ची. मूळ घराणं इटलीतल्या फियाट 1100 चं, जन्म कुर्ल्याचा, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातला. आधी फियाट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, अशी नावं बदलत गेली. इंजिन मात्र तेच राहिलं. चार सिलिंडर, 1089 सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 75. ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरच्या घरात. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना याहून जास्त असते. पण 1974 साली याच गाडीत सहा माणसं, दोन ट्रंका आणि आंब्याची पेटी घालून लोक घाट चढत होते, आणि चढला की ड्रायव्हरचं कौतुक होत होतं.

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. लेथचे आवाज, फाउंड्रीचा धूर.)

कोल्हापुरात जुन्या इंजिनाचं दुखणं घेऊन माणूस उद्यमनगरात जातो. मिस्त्रींनी दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पयलं कॉम्प्रेशन बगू. मग भांडा."

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते. हा भाग सावकाश बघू, कारण बहुतेक लोक नेमका हाच टाळतात.

इंजिन थोडं गरम करून घेतलं. चारही प्लग काढले. पहिल्या भोकात गेज घट्ट दाबून धरला आणि आत बसलेल्या पोराला हाक मारली, "एक्सलेटर फुल्ल दाब, सेल्फ मार." काटा टप्प्याटप्प्याने चढत 115 पौंडांवर थांबला. दुसरा सिलिंडर 110. चौथा 112. तिसरा साठाच्या पुढे जाईना.

मग मिस्त्रींनी तिसऱ्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. आता काटा 95 वर गेला. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, गेज पुसून खिशात ठेवला.

ऑइल घातल्यावर पिस्टनच्या रिंग आणि बोअर यांच्यातली फट घटकाभर बुजते. काटा वर चढला म्हणजे हवा तिथूनच पळत होती. रिंग आणि बोअर झिजलेत. काटा हलला नसता तर संशय व्हॉल्व्हवर गेला असता, आणि नुसतं हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवून घेण्यावर भागलं असतं. चमचाभर ऑइलमध्ये एवढं कळतं. तरीही माणसं हे न करता थेट नव्या इंजिनाच्या किमती विचारत फिरतात.

आणि तापण्याचं काय? ते दुखणं वेगळंच निघालं. रेडिएटरवाल्याने वरच्या टाकीचं झाळकाम सोडवून ती उघडली, तर निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. मामा वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतत होता. जिप्सीचं इंजिन आणून याच रेडिएटरला जोडलं असतं, तर तेही त्याच वळणावर उकळलं असतं.

(दृश्य: उघडं इंजिन, शेजारी मामेभावाच्या मोबाइलवर जिप्सीचं छायाचित्र.)

आता मामेभावाची बाजू, कारण ती अगदीच पोरकट नव्हती.

जुनं इंजिन कितीही नीट बांधलं तरी ते जुनंच राहणार. बोअर एक मिलिमीटरने वाढवून 69 केला तर 1089 सीसीचे 1122 होतात. वाढले किती? 33 सीसी. अर्ध्या कटिंग चहाइतके. त्याने घाटात काही फरक पडत नाही. ठिणगीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, तर गाडी सकाळी पटकन सुरू होईल, दिवे उजळ लागतील, इतकंच. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून त्याच कार्बोरेटरवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला कळत नाही, त्यातला पेट्रोल सोडणारा जेट माणसाने बदलावा लागतो. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलने खराब होतात, ते वेगळंच.

जिप्सी किंगचं इंजिन 1298 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, कार्बोरेटरची कटकट नसलेलं, 80 हॉर्सपॉवरचं. म्हणजे ताकद थेट दुप्पट. आणि जिप्सीच का? मारुतीच्याच एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात. पद्मिनीला उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारं इंजिन लागतं, कारण तिची मागची चाकं ढकलतात. जिप्सीत तशीच मांडणी आहे. मामेभावाने इथपर्यंत अभ्यास नीट केला होता.

पुढचं मिस्त्रींनी बोटांवर मोजून दाखवलं. जिप्सीचा गिअरबॉक्स आला की स्टिअरिंगजवळचा दांडा गेला, मधला पत्रा कापून दांडा खाली आणायचा. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून बॅलन्स करायचा, नाहीतर साठच्या पुढे गाडी थरथरणार. टाकीत दाबाचा पंप बसवायचा, पेट्रोल परत यायला दुसरी नळी टाकायची. सगळं वायरिंग नवं. क्लच, सायलेन्सर, स्पीडोमीटरची केबल. आणि मग ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. चाळीस हॉर्सपॉवरला ते पुरतात. ऐंशीला उतारावर काय होईल, हे मिस्त्रींनी सांगितलं नाही, फक्त आंबा घाटाच्या दिशेने हात केला.

आणखी एक गोष्ट ते सहज बोलून गेले, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो. त्याच्यावर ब्रॅकेट वेल्ड केलं की कुठलंही इंजिन बसतं. पद्मिनीला तशी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळं वजन झेलते. पन्नास वर्षांच्या, आतून गंजलेल्या पत्र्यावर नव्या इंजिनाचे माउंटिंग वेल्ड करायचे, हा खरा धोका.

(दृश्य: जुन्या गाड्यांची छायाचित्रं. अॅम्बॅसॅडर, कॉन्टेसा, वडापची जीप.)

इंजिन बदलणं हे गॅरेजवाल्यांचं खूळ आहे, असं मात्र नाही. खुद्द कारखान्यांनी हे केलंय. महिंद्राच्या जीपमध्ये आधी विलीजचं पेट्रोल इंजिन होतं. पुढे प्यूजोचं डिझेल आलं आणि गावोगावचं वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या जीप, त्यावर चाललं. कॉन्टेसा आली तेव्हा त्या ऐसपैस गाडीत अॅम्बॅसॅडरचं 1489 सीसीचं इंजिन होतं. गाडी देखणी, पण हलता हलत नसे, इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आल्यावर तिला जीव आला. तेच इंजिन पुढे अॅम्बॅसॅडरलाही मिळालं. कुर्ल्याच्या प्रीमियरने तर 118 एनई काढली तेव्हा फियाट 124 घराण्याच्या बॉडीत निसानचं 1171 सीसीचं इंजिन बसवलं. पण कारखाना इंजिन बदलतो तेव्हा गिअरबॉक्सपासून ब्रेकपर्यंत पुन्हा हिशेब करतो, गाडी तपासून घेतो आणि मग कागद काढतो. गॅरेजमध्ये हिशेब करणारे मिस्त्री भेटले तरी कागद कोण देणार?

(दृश्य: जुनं आरसी बुक, पिवळी पडलेली पानं, इंजिन नंबरची ओळ.)

आरसी बुकात चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कारखान्याने ठरवलेल्या रचनेशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची मंजुरी घेऊन नंबर बदलून घेता येतो. सीएनजी किंवा बॅटरीचं किट मान्यताप्राप्त असेल तर त्याचीही वाट आहे. अशी किट तपासणाऱ्या संस्थांत पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय येते. पद्मिनीत जिप्सीचं इंजिन यातल्या कशातच बसत नाही. रस्त्यावर अशा गाड्या दिसतात, हे खरं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं नाही म्हणून त्या दिसतात. अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, की तो बॉनेट उघडतोच.

2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए अक्षरांची खास नंबरप्लेटही मिळू शकते. अट अशी की इंजिन आणि बॉडीत मोठे फेरबदल नकोत. मामाने ती घेतली नाही. त्या प्लेटवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि मामा तर रविवारी भाजी आणायलाही पद्मिनीच काढतो.

(दृश्य: बोअरिंग मशीनवर ठेवलेला ब्लॉक. बाजूला काळे पडलेले चार पिस्टन.)

ठरलं. इंजिन बांधायचं. ब्लॉक मोकळा करून बोअरिंगवाल्याकडे नेला. त्यांनी पिस्टनचं डोकं रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि आमच्यापुढे धरलं. त्यावर 40 कोरलेलं होतं, म्हणजे मूळ मापाहून इंचाचे 40 हजारांश, साधारण एक मिलिमीटर जास्त. म्हणजे आधी कुणीतरी बोअर वाढवत वाढवत शेवटच्या साइजपर्यंत आणून ठेवला होता. आणखी वाढवायला जागाच नाही. मामेभावाचा चेहरा उजळला.

बोअरिंगवाल्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "स्लीव्ह मारू," म्हणाले.

बोअर आणखी थोडा कापून चार नव्या स्लीव्ह, म्हणजे आतली लोखंडी नळकांडी, प्रेसवर दाबून बसवल्या. मग आतून होनिंग, म्हणजे बारीक घासणी. दुसऱ्या दिवशी गेज आत सोडला तेव्हा काटा 68 वर होता. कुर्ल्याहून निघताना होता तितकाच. स्टँडर्ड साइजचे पिस्टन मुंबईहून मागवावे लागले. काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे हे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली, तेव्हा पुढच्या खेपेला पिस्टन मिळतील का, हे मिस्त्रीही छातीठोकपणे सांगत नाहीत. म्हणून मामाने रिंगचा एक सेट जास्तीचा घेऊन कपाटात ठेवलाय, मामीच्या साड्यांच्या कप्प्यात.

(दृश्य: आंबा घाट, पावसाळा. पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये चढतेय. मागे वाहनांची रांग.)

नव्या रिंग बसेपर्यंत पहिले हजार किलोमीटर गाडी ताणायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलंय. मामा ते अक्षरशः पाळतो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात. धूर नाही, तापमानाचा काटा मधोमध. मामेभाऊ शेजारच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. तो जिप्सी शोधतोय. अख्खी.