पक्षप्रवेशानंतरचा दुसरा दिवस

(दृश्य: बेलापूर, कोकण भवनाचं प्रवेशद्वार)

पक्षप्रवेश दहा मिनिटांत आटोपतो. उपरणं, पुष्पगुच्छ, फोटो. त्याआधीची जुळवाजुळव मात्र महिनोन्महिने चाललेली असते.

आमदारानं पक्ष सोडला, तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार आमदारकी जाऊ शकते. १९८५ च्या मूळ तरतुदीत एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालत असे. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती पळवाट बंद केली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. एकट्यानं जायचं, तर आधी राजीनामा. जुलै २०१९ मध्ये नवी मुंबईतल्या ऐरोलीचे आमदार संदीप नाईक राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, ते आमदारकी सोडूनच.

नगरसेवकांसाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. पक्षाच्या गटाची नोंद विभागीय आयुक्तांकडे होते. ठाणे आणि नवी मुंबईसाठी ते कार्यालय हेच, कोकण भवन. फूट पडली की गटनेता कोणाचा आणि व्हीप, म्हणजे मतदानाचा पक्षादेश, कोणाचा, याची सगळी धावपळ त्या नोंदीभोवती. नवी मुंबईत २०१५ ला राष्ट्रवादीचे ५२ नगरसेवक निवडून आले. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३५. चौतिसावर गाडी अडली, तर त्या चौतिसांचंही पद धोक्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये संदीप यांचे वडील गणेश नाईक भाजपमध्ये गेले, तेव्हा चाळीसहून अधिक नगरसेवक त्यांच्यामागे होते.

ठाण्याची गोष्ट निराळी. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या ६७ पैकी ६६ माजी नगरसेवक एकनाथ शिंदेंसोबत गेले. महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती, त्यामुळे पद जाण्याचा प्रश्नच नव्हता. उमेदवारी, निधी, रुग्णालयाचं अडलेलं बिल, हे सगळं वर्षानुवर्षं ज्या दारात सुटत होतं, त्या दाराशी ते उभे राहिले. ठाण्यातली निष्ठा समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

(दृश्य: शाखेचा फलक, शिडीवर रंगारी)

दुसऱ्या दिवशी खरं काम सुरू होतं. फलक, लेटरहेड, शिक्का, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव. हे आठवड्यात उरकतं. न बदलणारी वस्तू एकच: कार्यकर्त्याच्या हातातली खुणा केलेली मतदारयादी. कोणत्या चाळीतलं कोण गावी गेलंय, कोणाला रिक्षा लागेल, कोण दुपारी जेवून मगच उतरतं. मतदान केंद्रापासून दोनशे मीटरबाहेरच्या टेबलावर हीच यादी नेत्याला तारते. ती सांभाळणारा सोबत आला नाही, तर नेता रिकाम्या हातानं येतो.

बिघडतं कुठे? नव्या पक्षात त्याच प्रभागात आधीपासून कोणीतरी राबत असतं. त्यानं सतरंज्या उचललेल्या असतात, अंगावर केसेस घेतलेल्या असतात. तिकीट नव्यानं आलेल्याला मिळालं की हा जुना माणूस अपक्ष अर्ज भरतो, किंवा मतदानाच्या दिवशी घरी बसतो. त्याला गद्दार म्हणणं अन्यायाचं आहे. त्यानं काहीच सोडलेलं नसतं.

(दृश्य: पाम बीच रोड, संध्याकाळ)

२०२४ च्या विधानसभेला गणेश नाईक ऐरोलीत कमळावर लढले. शेजारच्या बेलापुरात संदीप नाईक भाजप सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीची तुतारी घेऊन उभे राहिले. समोर भाजपच्या मंदा म्हात्रे, ज्या स्वतः २०१४ ला राष्ट्रवादीतून आलेल्या. नाईकांच्या कार्यकर्त्यानं घणसोलीत कमळ सांगायचं आणि नेरुळच्या मेहुण्याला तुतारी.

बेलापुरात मंदा म्हात्रे जिंकल्या. फरक ३७७ मतांचा.