विंडोजच्या शेजारी कोणतं लिनक्स बसवायचं?

नमस्कार मंडळी.

"विंडोज ठेवून लिनक्स टाकायचंय, कोणतं घेऊ?" असं कुणाला विचारलं की जो तो आपण वापरतो त्याचं नाव सांगून मोकळा होतो. नावांकडे मी येतेच. आधी त्या प्रश्नातल्या "ठेवून" या शब्दापाशी थोडं थांबू या, कारण माझ्या मते निवड तिथंच ठरते.

विंडोज पुसून जो लिनक्सवर जातो, तो ते रोज उघडतो. अपडेट आलं की घेतो, काही बिघडलं तर त्याच दिवशी कळतं. शेजारी बसवलेल्या सिस्टीमचं तसं होत नाही. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग कामं मागे लागतात आणि लिनक्स तीन-तीन आठवडे, कधी दोन महिने उघडलंच जात नाही. एके दिवशी गरज पडते, तुम्ही ते सुरू करता, आणि त्या दिवशी ते मुकाट्याने चालायला हवं असतं. म्हणून ड्युअल बूटसाठी (एकाच मशीनवर दोन सिस्टीम ठेवायला) डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एखादा तयार प्रकार, निवडताना मी पहिला प्रश्न विचारते तो हा: हिच्याकडे दोन महिने बघितलं नाही तर चालेल का?

आता आर्च घ्या. रोलिंग पद्धतीची डिस्ट्रो, म्हणजे तिला आवृत्ती अशी नसते, नवं सॉफ्टवेअर सतत येत राहतं. आर्चची विकी इतकी चांगली आहे की दुसऱ्या डिस्ट्रोतली अडचण सोडवायलाही मी तीच उघडते. पण आर्चला मालक रोज हवा. काही महिने अपडेट केलं नाही की पॅकेजवरच्या (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांवरच्या) सह्या तपासायच्या किल्ल्या जुन्या झालेल्या असतात आणि अपडेट मध्येच अडतं. आधी किल्ल्यांचं पॅकेज नवं करायचं, मग बाकीचं. ज्याला हे माहीत आहे त्याचं पाच मिनिटांचं काम. ज्याने लिनक्स महिन्यातून एकदा उघडलंय, त्याची संध्याकाळ जाते.

फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि एकेका आवृत्तीला सुमारे १३ महिने अपडेट मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावंच लागतं. फेडोरा मला आवडते, नीटनेटकी आहे. पण वर्षभर विसरलात तर ती मागे पडते.

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ ला २०२९ पर्यंत. लिनक्स मिंटची २२ ही मालिका त्याच पायावर उभी आहे, तीही २०२९ पर्यंत चालेल. आणि डेबियन, १९९३ पासूनची, जिच्यावर उबुंटू स्वतः उभी आहे. तिचीही आवृत्ती पाचेक वर्षं जाते. पूर्वी डेबियन टाकली की वायफायच चालत नसे, कारण वायफाय चिपची फर्मवेअर (चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळी शोधून आणावी लागायची. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरमध्येच असते, त्यामुळे ते जुनं गाऱ्हाणं आता धरून बसू नका.

या तिघींतून निवडायचं तर पहिल्यांदाच करणाऱ्याला मी मिंट सांगते, सिनॅमन डेस्कटॉपवाली. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, ड्रायव्हरसाठी वेगळी खिडकी. बऱ्याच दिवसांनी परत आलात तरी हात आपोआप योग्य जागी जातो. मशीन जुनं, रॅम ४ जीबीच असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

याला एक अपवाद आहे. लॅपटॉप अगदी नव्या मॉडेलचा असेल तर गणित बदलतं. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, आतच असतात. तुमची वायफाय चिप कर्नलनंतर बाजारात आली असेल, तर त्या कर्नलला ती ओळखताच येणार नाही. अशा वेळी नव्या कर्नलची फेडोरा चालून जाते आणि मिंट अडते. मग वर्षाचं ते अपग्रेड पत्करावं लागतं.

तुमचं मशीन यातलं कोणतं, हे अंदाजाने ठरवू नका.

(स्क्रीनवर: पेन ड्राइव्हवरून सुरू झालेला मिंटचा डेस्कटॉप)

हे लाइव्ह सेशन. डिस्कवर काहीही लिहिलेलं नाही, पेन ड्राइव्ह काढला की विंडोज जसंच्या तसं. इथे अर्धा तास द्या. वायफाय जोडा. आवाज ऐका. कॅमेरा उघडा. ब्राइटनेसची बटणं दाबून बघा. देवनागरीत दोन ओळी टाइप करा. आणि लोक हमखास विसरतात ती चाचणी: झाकण बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा उघडा. बघा, मी आता उघडतेय... पडदा आला, पण वायफायचं चिन्ह गेलंय. हे इन्स्टॉल करण्याआधी कळलं हे किती बरं झालं! आता दुसरी डिस्ट्रो याच पेन ड्राइव्हवर टाकून हेच करून बघायचं. लाइव्ह सेशन थोडं संथ वाटेल, पेन ड्राइव्हचा तो वेग आहे, त्यावरून डिस्ट्रोला नावं ठेवू नका.

सिक्युअर बूटचंही इथेच कळतं, म्हणजे विश्वासू सह्या असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या त्या सेटिंगचं. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या चारही ते चालू असताना सुरू होतात. आर्चचा पेन ड्राइव्ह होत नाही. विंडोज रोज वापरणार असाल तर सिक्युअर बूट बंद न करता चालणारी डिस्ट्रो घ्या, असंच मी म्हणेन. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या बूटलोडरना (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना) मज्जाव केला आणि कित्येक ड्युअल बूट मशीन्सवर लिनक्स उघडेनासं झालं. असं काही झालं की मागे मोठा चमू असलेल्या डिस्ट्रोत दुरुस्ती लवकर येते.

आता विंडोजच्या बाजूची दोन कामं, आणि यातलं पहिलं कळकळीने सांगते. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मला नव्हता. बूटच्या सेटिंगमध्ये एक बदल केला, मशीन पुन्हा सुरू केलं, तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली. कामाच्या सगळ्या फायली आत आणि मी बाहेर. शेवटी फोनवरून मायक्रोसॉफ्ट खातं उघडलं, तिथे ती साठवलेली सापडली. खात्याचा पासवर्ड आठवला नसता तर त्या फायली गेल्याच होत्या. बॅकअपही बाहेरच्या डिस्कवर घेतलेला असू द्या.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज बंद केलं तरी पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो, आणि लिनक्स मग त्यावर लिहायला नकार देतं. विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा त्याने व्यापलेला भाग) लहान करायचं तेही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. पन्नास-साठ जीबी मोकळे केले की पुरे.

(स्क्रीनवर: इन्स्टॉलरचं पान)

इथे सावकाश वाचा. "विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा" आणि "डिस्क पुसा" अशा अर्थाचे दोन पर्याय एकाखाली एक आहेत. पहिला पर्याय दिसतच नसेल तर दुसरा दाबू नका, बाहेर पडा. बिटलॉकर चालू असेल, किंवा स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या वेगळ्या पद्धतीत) असेल आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल.

सगळं पार पडून मशीन पुन्हा सुरू झालं की काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणारा, मेनू येईल. वरच्या ओळीत लिनक्स, खाली कुठेतरी विंडोज बूट मॅनेजर. बोट लगेच वरच्या ओळीकडे जाईल, पण आधी खाली या आणि विंडोज उघडा. आत जा, तुमच्या दोन-चार फायली उघडून बघा. मग रीस्टार्ट करा आणि वरची ओळ निवडा.