जोडीचा हिशेब : मोजे विणणे आणि धागा रंगवणे

सभागृहातील सर्व श्रोतेहो,

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत हातमागाचा आणि पुढे यंत्रमागाचा आवाज ऐकत लहानाची मोठी झालेली बरीच मंडळी आज समोर बसलेली आहेत आणि त्यांच्यापुढे सूत व रंग यांविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तरीही ते करते, कारण सुयांवरचे विणकाम ही मागावरच्या विणकामाहून वेगळी गोष्ट आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना छेदतात व कापड स्थिर राहते; सुयांवर मात्र एकच धागा स्वतःच्याच फासांतून पुढे जात राहतो आणि म्हणून ते कापड ताणले जाते व सोडताच पुन्हा जागेवर येते. टाच, घोटा आणि पोटरी यांवरून सरकत जाऊन तिथेच टिकून राहणारी वस्तू करायची, तर हा ताण हवाच.

आम्ही काही मैत्रिणी एकत्र बसून मोजे विणतो आणि त्यांचा धागाही घरीच रंगवतो. या दोन्ही कामांची शिस्त एकाच गोष्टीतून येते, ती म्हणजे मोजा एकट्याने उपयोगाचा नसतो. स्वेटरची छटा खालून वर जाताना किंचित बदलली, तर ते नक्षीकाम म्हणून खपून जाते. मोज्याच्या बाबतीत दोन्ही नग एकाच माणसाच्या दोन पायांवर, वीतभर अंतरावर शेजारी दिसतात आणि रंगातला, मापातला व हाताच्या ताणातला प्रत्येक फरक उघडा पडतो. पहिला मोजा कौतुकाने विणला जातो. दुसरा विणताना रंगवणारीची आणि विणणारीची खरी परीक्षा असते.

प्रथम धाग्याविषयी. बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात आणि आपल्या घरगुती वनस्पतिजन्य रंगांना ते जवळजवळ दाद देत नाहीत. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली राख बोटांनी चुरडता येते, तर ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मोज्यांसाठी साधारण पंचाहत्तर टक्के लोकर आणि पंचवीस टक्के नायलॉन असलेला बारीक धागा सर्वांत सोयीचा, कारण टाचेला व चवड्याला जी झीज होते ती नुसत्या लोकरीला फार काळ सोसत नाही. अशा धाग्याच्या शंभर ग्रॅमच्या लडीत सुमारे चारशे मीटर धागा असतो आणि त्यात मोठ्या माणसाची एक जोडी होते.

इथे कोणी विचारील की, आपल्या भागात धनगर आणि कुरुबर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दख्खनी मेंढ्या पाळत आली, त्या लोकरीच्या घोंगड्यांनी पावसात आणि थंडीत माणसे राखली, मग ती लोकर का नाही? माझे मत स्पष्ट आहे. ती लोकर घोंगडीसाठी उत्तम आहे, पण तिचा तंतू जाड व राठ असतो आणि नुसत्या कातडीवर तो टोचतो. शिवाय बऱ्याच मेंढ्यांची लोकर मुळातच काळी असल्यामुळे तिला रंगवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घरात सुती मोज्यांवर चढवायचे जाड मोजे मात्र तिचे चांगले होतात, आणि ते जरूर करावेत.

आता विणीचा हिशेब. चवड्याचा घेर नऊ इंच असेल, तर मोजा त्याहून सुमारे दहा टक्के आखूड घेराचा, म्हणजे आठ इंचांचा ठेवावा, तरच तो पायाला बसतो. इंचाला आठ टाके येत असतील, तर चौसष्ट टाके घालावेत आणि ते चार सुयांवर सोळा-सोळा वाटून पाचव्या सुईने गोल विणत जावे. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी असते. टाचेसाठी निम्मे, म्हणजे बत्तीस टाके घेऊन तेवढेच पुढे-मागे बत्तीस ओळी विणायचे आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा, म्हणजे कडेला सोळा मोठे फास तयार होतात. टाच वळवून झाली की दोन्ही बाजूंचे हे फास उचलायचे आणि वाढलेले टाके हळूहळू घटवत पुन्हा चौसष्टवर यायचे. नवशिक्या मुली टाचेला घाबरतात. वास्तविक त्यात मोजण्यापलीकडे काही नाही, आणि एकदा वळलेली टाच हातात आली की त्या पुढच्या मोज्याची घाई करू लागतात.

रंगकामाला मात्र घाई चालत नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. अचानक थंड-गरम झाले किंवा ओला धागा चोळला गेला की ते एकमेकांत अडकतात व लडीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला थर, होतो. म्हणून लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि पाणी सावकाश तापवावे. रंग पक्का धरावा यासाठी तुरटी वापरतात. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या सुमारे बारा टक्के, म्हणजे शंभर ग्रॅमला बारा ग्रॅम तुरटी विरघळवून, उकळीच्या खालीच तासभर ठेवून, धागा त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावा. सुताला तुरटी अशी सहज लागत नाही. त्याला आधी हिरड्यासारख्या तुरट द्रव्याची बैठक द्यावी लागते.

रंगद्रव्यांसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. दसऱ्याला वाहनांना आणि हत्यारांना घातलेल्या झेंडूच्या माळा दुसऱ्या दिवशी उतरतात, त्या वाळवून ठेवल्या की वर्षभराचा पिवळा रंग घरात आला. कांद्याच्या सालींतून नारिंगीकडे झुकणारा सोनेरी मिळतो, डाळिंबाच्या सालीतून मातकट पिवळा, आणि त्याच पिवळ्यावर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडले की तो करड्या-हिरव्याकडे वळतो. मंजिष्ठेचा लाल सुंदर असतो, परंतु तिचे पाणी खळखळून उकळू दिले, तर त्यात तपकिरी शिरते. हळदीची शिफारस मी करीत नाही. ती क्षणात झळाळते, पण उन्हात लवकर उडते आणि सोड्याच्या साबणाने धुतली की तांबडी पडते.

पाण्याचा मुद्दा अनेकजण विसरतात. विहिरीचे जड पाणी, नळाला येणारे राकसकोप जलाशयाचे पाणी आणि खानापूरकडच्या मैत्रिणीने साठवून आणलेले पावसाचे पाणी या तिन्हींत तीच साल तीन छटा देऊ शकते. म्हणून एका जोडीची सगळी लोकर एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात रंगवली पाहिजे.

निळीची गोष्ट निराळी. नीळ पाण्यात विरघळत नाही; कुंडातल्या पाण्यातला प्राणवायू काढून घेऊन तिचे रूप बदलले तरच ती विरघळून धाग्यात शिरते. त्यासाठी चुना आणि गूळ वापरता येतो, आणि उसाच्या या मुलुखात चांगल्या गुळाला तोटा नाही. मात्र जास्त चुन्याने लोकर कडक व अशक्त होते, तेव्हा त्याचे प्रमाण बेताचे ठेवावे आणि शेवटी पातळ व्हिनेगरच्या पाण्यातून धागा काढावा. कुंडातून निघताना धागा पिवळसर हिरवा असतो आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळा होतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या, सुमारे आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या विणलेल्या मोज्यांतही निळ्या आणि पांढऱ्या सुती धाग्यांची नक्षी आहे. तेव्हा या रंगाची आणि मोज्याची सोबत जुनी आहे.

हे सगळे एकटीने का करू नये? करता येते, पण परवडत नाही. मंजिष्ठेच्या एका पाण्यातून पहिली लडी गडद लाल निघते, दुसरी विटकरी आणि तिसरी फिकट गुलाबी. एकटीला तिन्ही छटांची गरज नसते, चौघींत त्या सहज वाटल्या जातात. निळीचे कुंड एकदा जमले की ते तेवढ्या दिवसांत वापरून संपवण्यातच शहाणपण असते. एकीने वजन करायचे, दुसरीने तापमान पाहायचे, तिसरीने वहीत द्रव्य, पाणी, वेळ आणि तुरटीचे प्रमाण टिपून शेजारी धाग्याचा तुकडा चिकटवायचा. ही वही आमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू आहे. आमच्यातल्या काहीजणी मराठीत टाके मोजतात, काही कन्नडमध्ये, आणि शेजारी बसून मोजायचे असेल, तर हीच व्यवस्था बरी, कारण एकीच्या ‘बावीस-तेवीस’ने दुसरीचे ‘हदिनैदु-हदिनारु’ चुकत नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. वनस्पतीचा रंग म्हणजे निरुपद्रवी, अशी जी समजूत हल्ली पसरली आहे ती अर्धवट आहे. हिराकस आणि मोरचूद ही रसायने स्वयंपाकघरात नेऊ नयेत. रंगाची पातेली व डाव वेगळेच असावेत आणि त्यांत पुन्हा कधी अन्न शिजवू नये. लोखंडी भांडे तर मुळीच नको, कारण त्यानेच प्रत्येक रंग काळवंडतो.

रंगवलेली लडी सुकली की विणायला बसण्यापूर्वी तराजूवर तिचे दोन समान गुंडे करावेत आणि जमल्यास दोन्ही मोजे बरोबरीने पुढे न्यावेत. आधी एकाची पट्टी, मग दुसऱ्याची, आधी एकाची टाच, मग दुसऱ्याची, म्हणजे हाताचा ताण दोन्हींत सारखा राहतो. दोन वेगळ्या लडी वापराव्या लागल्या, तर दोन-दोन फेऱ्यांनी त्या आलटून-पालटून विणाव्यात. मोजे धुताना रिठ्याचे गार पाणी घ्यावे, पिळू नयेत आणि सावलीत वाळवावेत. शेवटी उरलेला पाच-सात ग्रॅम धागा टाकून देऊ नये. त्या पातेल्यातला तो रंग पुन्हा हुबेहूब निघणार नसतो आणि टाच विरळ झाली की रफू करायला तोच धागा लागतो. आम्ही तो वहीच्या त्याच पानाला, जोडी कोणाची हे लिहून, बांधून ठेवतो.