कोलोनचा ताल आणि वेंगुर्ल्याचा मृदुंग

श्रोतेहो, नमस्कार.

होल्गर चुकाय नावाचा एक जर्मन वादक होऊन गेला. पोरवयात तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. पुढे मोठ्या संगीतकाराकडे शिकला, स्वतःचा बँड उभा केला, दूरदूरच्या देशांत नाव कमावलं, पण रेडिओ काही त्याला सुटला नाही. माझंही आयुष्य वेंगुर्ल्याच्या बाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेलं. तेव्हा या माणसाबद्दल आणि त्याच्या 'कॅन' या बँडबद्दल मला एवढी माया का, ते तुमच्या लक्षात येईल. आज मला त्या बँडबद्दल बोलायचं आहे.

कॅन हा बँड १९६८ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात सुरू झाला. कीबोर्डवर इर्मिन श्मिट, बास गिटारवर चुकाय, गिटारवर मिखाएल करोली आणि ड्रमवर याकी लीबेत्साइट. हे शेवटचं नाव ध्यानात ठेवा, श्रोतेहो. याकी लीबेत्साइट. माझं आजचं बोलणं फिरून फिरून त्याच्यापाशीच येणार आहे.

श्मिट आणि चुकाय हे दोघे स्टॉकहाउझन या नामवंत संगीतकाराचे शिष्य. करोली चुकायपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि त्याचाच विद्यार्थी. १९६७ साली याच विद्यार्थ्याने चुकायला बीटल्सचं एक गाणं ऐकवलं आणि चुकाय रॉककडे वळला. शिष्याने गुरूला वाट दाखवली आणि गुरूने ती मानली. मला याचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे शिकवणाऱ्यांनी पोरांचं असं ऐकलं, तर निम्मी पोरं शाळा सोडायची नाहीत. असो.

लीबेत्साइट आला जॅझमधून, तेही मुक्त जॅझमधून. त्यात ताल धरून ठेवायचा नसतो, मोडत राहायचा असतो. त्याला त्याचा कंटाळा आला. असं सांगतात की एकदा त्याचं वादन ऐकून कुणीतरी त्याच्याजवळ आलं आणि म्हणालं, तू एकसुरी वाजव. दुसरा कुणी असता तर रागावला असता. लीबेत्साइटने ते मनावर घेतलं. तेव्हापासून तो एक ताल धरायचा आणि तोच वाजवत राहायचा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पुन्हा सांगतो, तोच ताल, पण दर फेऱ्याला इतरांचं ऐकून वाजवलेला. कॅनचं सगळं मर्म यात आहे. तोच ताल, पण ऐकून वाजवलेला.

आता मला आवडणारी गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकातली. जत्रांचे दिवस होते, मार्गशीर्ष लागला होता. आमच्या वाडीतला एक मुलगा व्यापारी जहाजावर होता, तो सुट्टीवर आला. जहाज हॅम्बुर्ग बंदराला लागलं असताना त्याने तिथे एक टू-इन-वन विकत घेतला होता. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "कॅसेट खाल्ल्यान."

झाकण उघडलं. खाऱ्या हवेने रबराचा रोलर चिकट झाला होता आणि टेप त्याला घट्ट गुंडाळून बसली होती. चिमट्याने एकेक वेढा सोडवला. टेपचा पंखा व्हावा तशा घड्या पडलेल्या. काचेवर ठेवून नखाच्या पाठीने त्या दाबल्या, फार चुरगळलेला तुकडा ब्लेडने तिरका कापून काढला आणि दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली. जोड देताना सेलोटेप कडेला रेषभरही बाहेर राहता कामा नये, नाहीतर ती हेडला चिकटते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळावर पांढरी बुरशी. मागचा पावसाळा तिने कपाटात काढला असणार. स्पिरिटच्या बोळ्याने तीही पुसली. कॅसेट नव्वद मिनिटांची, आणि लेबलवर बँडचं तीन अक्षरी इंग्रजी नाव पेनाने लिहिलेलं, बाकी काही नाही. जहाजावरच्या एका मित्राने हॅम्बुर्गात रेकॉर्डवरून ती भरून दिली होती.

त्याच वेळी दुकानात आबा बसले होते. आबा म्हणजे आमच्या भागातल्या एका दशावतारी कंपनीचे मृदुंगवाले. ट्रान्झिस्टर घेऊन आले होते. बॅटरीच्या पट्ट्यांना हिरवा गंज चढला होता, तो मी पॉलिश पेपरने घासून देणार होतो. आबा बाकावर टेकून विडी ओढत होते. बोटांच्या नखांत वाळलेली कणीक. मृदुंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात हे तुम्हाला माहीतच आहे.

मी कॅसेट लावली. पहिली दोन-तीन गाणी गेली. आबांनी मान वर केली नाही. मग एक गाणं सुरू झालं, त्याचं नाव 'हालेलुवा'. नाव अर्थात मला पुढे कळलं. साडेअठरा मिनिटांचं. रेकॉर्डची अख्खी एक बाजू एकाच गाण्याने भरलेली. ड्रम सुरू झाला आणि चालत राहिला. गाणारा पुटपुटतो, मध्येच ओरडतो. गिटार येते, जाते. कीबोर्डमधून विचित्र आवाज निघतात. ड्रम मात्र जागचा हलत नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आबांची विडी विझली. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही.

गाणं संपलं तेव्हा आबा म्हणाले, "परत लाय बघूया."

मी मागे घेऊन परत लावली. या खेपेला आबा उठून शोकेसपाशी आले आणि काचेवर बोटं ठेवली. उजव्या हाताची चार, डाव्याचा पंजा. सुरुवातीला नुसतं चाचपत होते. मग एका ठिकाणी त्यांना सम सापडली आणि त्यानंतर ती सुटली नाही. काचेखाली ठेवलेले व्हॉल्व्ह आणि स्क्रू थरथरत होते. मी सोल्डर बाजूला ठेवला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्यालाही मी बोटाने गप्प केलं.

मी विचारलं, "आबा, काय वाटलं?"

आबा म्हणाले, "ह्यो तोंडान नाय मोजणा, हातान मोजता. बाकीचे गावभर फिरतत, ह्यो घर राखता."

श्रोतेहो, कॅनबद्दल पुढे मी बरंच वाचलं, परदेशी जाणकारांनी लिहिलेलंही वाचलं. आबांच्या या बोलण्याइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. बाकीचे गावभर फिरतात, हा घर राखतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच आठवड्यात जवळच्या गावी जत्रा होती आणि दहीकाला, म्हणजे दशावताराचा रात्रीचा खेळ, आबांच्या कंपनीचा. मी गेलो. मध्यरात्र उलटून गेल्यावर आख्यान रंगात आलं, राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहिले. युद्धाला मृदुंगावर काय वाजतं ते आमच्याकडच्या लहान पोरालाही पाठ असतं. त्या रात्री आबांनी दोन आवर्तनं नेहमीची वाजवली, आणि तिसऱ्याला कॅसेटमधला तो ताल धरला. हुबेहूब तोच नव्हे, मृदुंगाला मानवेल असा, पण चाल तीच. आणि धरून ठेवला. चढ नाही, तिहाई नाही. पायपेटीवाल्याने मान वळवून पाहिलं. झांजवाला दोन ठोके चुकला आणि मग सावरला. राक्षसाचं काम करणारा नट जुना, कसलेला. एक पाय उचललेला तसाच ठेवून त्याने ऐकलं, आणि मग त्या तालावर पाय टाकायला लागला. एरवी पाच-सात मिनिटांत आटपणारं युद्ध किती वेळ चाललं असेल मला सांगता येणार नाही. पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलेली पोरं उठून बसली. राजाने दोन संवाद जागच्या जागी नवे घातले, कारण युद्ध संपेना.

पहाटे रंगपटात तो राक्षस तोंडाचा रंग पुसत होता. त्याने विचारलं, "आबानू, आज काय ता वाजवलास?" आबा मृदुंगाची कणीक खरवडत होते. म्हणाले, "जर्मनीसून इलो हा तो."

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि सांगत राहणार आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं, कोण कुणाचं काम करणार ते ठरतं, आणि मग रंगमंचावर एकमेकांचं ऐकत नाटक उभं राहतं. कॅनचं हेच. लिहिलेलं काही घेऊन ते बसत नसत. तासन् तास वाजवत राहायचे. चुकाय फक्त दोन ट्रॅकच्या टेपवर ते सगळं भरायचा, कधी कधी इतरांना कळू न देता, दोन गाण्यांच्या मधलंही. नंतर ब्लेड घेऊन टेप कापायचा आणि जोडायचा. साडेअठरा मिनिटांचं ते गाणंसुद्धा अशाच काटछाटीतून निघालं. मी ज्या कॅसेटला जोड दिला, ती मुळातच जोड दिलेली होती.

इथे मनातलं एक बोलून टाकतो. हल्ली दशावतारात ट्रिकसीनचं प्रस्थ फार वाढलं आहे. धूर, दिवे, पेटणारे बाण. लोकांना आवडतं, कंपन्यांनाही पोट आहे. पण त्या धुरात मृदुंगवाल्याचा वेळ जातो. त्याला पंधरा मिनिटं मोकळी द्या आणि बघा काय होतं ते.

तर, ज्या रेकॉर्डवर ते गाणं आहे तिचं नाव 'टागो मागो'. १९७१ साली निघाली. कोलोनजवळच्या नॉर्वेनिश गावच्या गढीत ती वाजवली गेली. एका कलासंग्राहकाने बँडला तिथे भाडं न घेता राहू दिलं होतं. रेकॉर्ड एकेरीच, म्हणजे एकाच तबकडीची, काढायची असं चाललं होतं, पण श्मिटची पत्नी हिल्डेगार्ड, जी बँडचा कारभार बघायची, तिने दुहेरीच काढायची असा आग्रह धरला. त्या बाईंचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्यावर गाणारा दामो सुझुकी हा जपानी तरुण. आधीचा गायक माल्कम मूनी अमेरिकेला परत गेल्यावर, १९७० साली म्युनिकमध्ये चुकाय आणि लीबेत्साइट कॅफेबाहेर बसले होते, समोरच्या रस्त्यावर हा गात होता. त्यांनी विचारलं, आज रात्री गातोस का? आणि तो त्याच रात्री गायला.

पुढे ते वाइलर्सविस्ट गावात गेले. तिथे एक जुनं थिएटर घेतलं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्कराच्या १५०० गाद्या लावल्या. पुढची रेकॉर्ड १९७२ ची, 'एगे बामियासी'. तिच्या कव्हरवर चक्क भेंडीचा डबा आहे. त्यानंतर १९७३ ची 'फ्यूचर डेज'. ही मात्र समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ऐकावी. तिच्यात लीबेत्साइट इतक्या हलक्या हाताने वाजवतो की दुपारी सागरेश्वरच्या सुरूच्या बनात बसून ऐकली तर पानांचा आवाज कुठला आणि झांजेचा कुठला ते समजत नाही.

आणि आता रेडिओ. १९७७ च्या सुमारास चुकायने बास गिटार दुसऱ्याकडे दिली आणि बँडमध्ये तो शॉर्टवेव्ह रेडिओ वाजवू लागला. होय, वाजवू लागला. डायल फिरवायचा, जे स्टेशन लागेल ते गाण्यात सोडायचा. १९७९ साली त्याची स्वतःची 'मूव्हीज' नावाची रेकॉर्ड आली. त्यातल्या एका गाण्यात इराणी गायकांचे आवाज आहेत, ते त्याने शॉर्टवेव्हवरच पकडलेले. आपल्या किनाऱ्यावर ज्यांनी रात्री शॉर्टवेव्हचा काटा फिरवला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काळोख पडला की अरबी, फारसी, रशियन, सिलोन, सगळं एकामागोमाग लागायचं, मधली खरखर धरून. ती खरखरसुद्धा त्याने टाकून दिली नाही.

रेडिओ बिघडला की लोक आता भंगारात देतात. पट्टी घासली की चालू होणारे रेडिओ देतात. देऊ नका. दुरुस्त करणारा शोधा, अजून आहेत.

करोली २००१ मध्ये गेला. २०१७ च्या जानेवारीत लीबेत्साइट गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात चुकाय, वाइलर्सविस्टच्या त्याच जुन्या थिएटरात, जिथे तो शेवटपर्यंत राहत होता. सुझुकी २०२४ मध्ये. आबाही आता नाहीत. त्यांची ती कॅसेटची बाजू मी दुसऱ्या कॅसेटवर भरून त्यांना दिली होती, ती त्यांच्या नातवाकडे आहे. तो मृदुंग वाजवतो.

केंद्राने मला गाण्यासाठी तीन मिनिटं दिली आहेत, म्हणून साडेअठरा मिनिटांचं ते गाणं आज लावता येत नाही. त्याऐवजी 'स्पून' लावायला सांगितलं आहे. हे १९७१ साली जर्मन दूरदर्शनवरच्या एका रहस्यमालिकेचं शीर्षकगीत होतं आणि जर्मनीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. यात ताल देणारं एक यंत्र आहे आणि त्याच्या जोडीने लीबेत्साइट वाजवतो आहे. रेडिओचा आवाज थोडा वाढवा. यंत्र कुठलं आणि माणूस कुठला, ते ऐका. ताई, लावा.