चार्ज घेताना: इंदूरचे ट्रस्ट आणि नवे विश्वस्त

[दृश्य: राजवाड्यासमोरचा अहिल्याबाईंचा पुतळा, मागे बाजाराची वर्दळ]

होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा, हिशोब वेगळा आणि खासगीचा, म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, वेगळा. 1734 साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर लागली, आणि पुढे अहिल्याबाईंच्या दानधर्माला तिचा मोठा आधार झाला. संस्थान विलीन झाल्यावर, 1962 मध्ये, या खासगीचा ट्रस्ट झाला. त्याच्या घाट-मंदिरांच्या विक्रीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै 2022 मध्ये निकाल लागला: हा सार्वजनिक न्यास आहे, त्यानं महिन्याभरात नोंदणीचा अर्ज करावा, आणि झालेल्या व्यवहारांमुळे ट्रस्टचं नुकसान झालं का, हे रजिस्ट्रारनं तपासावं.

1962 ते 2022. साठ वर्षांत विश्वस्त बदलले, नोंदणी मात्र राहूनच गेली. एवढ्या नामांकित ट्रस्टची ही गत, तर रामबागेतल्या दोन खोल्यांच्या शिष्यवृत्ती-फंडाचं काय सांगावं!

[दृश्य: कपाट उघडतं, फायलींचे गठ्ठे]

हार घातला, पेढे वाटले, की नव्या विश्वस्ताला चार्ज मिळाला असं सगळे धरून चालतात. सरकारी दफ्तरी तो दिसतो रजिस्टरमध्ये नाव चढल्यावर. महाराष्ट्रात त्यासाठी धर्मादाय आयुक्त आहेत. मध्य प्रदेशात 1951 च्या लोक न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकारी हेच रजिस्ट्रार. प्रत्यक्षात फाइल एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयात चालते. निवडीचा ठराव, सभेच्या सूचनेची प्रत, हजेरीच्या सह्या, जुन्या विश्वस्ताचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि नव्याचं संमतिपत्र, एवढं जोडून अर्ज द्यायचा. अर्ज अडतो तो बहुधा सभेच्या सूचनेवर. ट्रस्ट-डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात, सात दिवस आधी लेखी सूचना म्हटलेलं असतं, आणि सूचना गेलेली असते व्हॉट्सॲपवर, आदल्या रात्री. म्हणून निवडीच्या आधी डीड वाचायचं. मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे. दुरुस्त्या मूळ प्रतीलाच जोडलेल्या असतात.

[दृश्य: बँकेचा काउंटर]

खरी कोंडी बँकेत होते. बँक म्हणते, रजिस्ट्रारकडची सुधारित नोंद आणा. तिकडे हरकतींची मुदत चाललेली, महिने जातात. दरम्यान जुने सहीवाले मोकळे झालेले असतात आणि शिपायाचा पगार थांबतो. यावर उपाय साधा आहे, पण तो आधी करावा लागतो. निवडीच्याच सभेत दुसरा ठराव घ्या: बँकेत नव्या सह्या लागेपर्यंत जुने सहीवाले फक्त पगार, वीजबिल आणि ठरलेल्या शिष्यवृत्तीच्या चेकवर सह्या करतील. शक्य असेल तर सगळ्यांना एकदम निवृत्त करू नका. तिघांतला एक सहीवाला वर्षभर मागे ठेवा.

तोच घोळ ओटीपीचा. आयकर पोर्टलवर नंबर असतो गेल्या सचिवांचा, आणि ते मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. डिजिटल स्वाक्षरीही व्यक्तीच्या पॅनला बांधलेली असते, ट्रस्टच्या नव्हे. ती वारशानं येत नाही. पोर्टलवर पदाधिकाऱ्यांची नावं, नंबर आणि स्वाक्षरी, तिन्ही बदलावी लागतात. परदेशी देणग्यांची परवानगी असलेल्या ट्रस्टनं पदाधिकारी बदलल्यावर 45 दिवसांत केंद्राला वेगळं कळवायचं असतं. ही मुदत हमखास विसरली जाते.

[दृश्य: मालमत्ता नोंदवही, जुना नकाशा, भाडेकरूंच्या पावत्या]

आता मालमत्ता. इथे घाई केलीत तर पुढची वीस वर्षं कोर्टात जातील. नोंदवही, खसऱ्याची (जमिनीच्या महसुली नोंदीची) नक्कल आणि नगर निगमची मालमत्ता-कराची पावती शेजारी-शेजारी ठेवा. तिन्हीकडे नाव आणि क्षेत्रफळ जुळतं का? बरेचदा करपावतीवर कधीच्याच दिवंगत विश्वस्ताचं व्यक्तिगत नाव असतं. उद्या त्याचे वारस हक्क सांगत आले, की तीच पावती पुराव्याला पुढे येते. भाडेकरूंचे करार काढा. रजिस्ट्रारच्या पूर्वपरवानगीविना विक्री, गहाण, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र कायद्यानं ग्राह्य नाही. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देणंही नाही. शेतीला ही मर्यादा सात वर्षांची. सगळ्या विश्वस्तांनी एकमतानं ठराव केला तरी परवानगीची गरज टळत नाही.

मुदत ठेवींच्या पावत्या स्वतः मोजा, मुदत संपण्याच्या तारखेसकट. कायम निधी (मूळ रक्कम राखून ठेवायची तो) कोणता आणि चालू देणगी कोणती, हे देणगीदाराच्या पत्रावरून ठरतं. खजिनदाराच्या आठवणीवरून नव्हे. नव्या अध्यक्षांना उत्साहात सभागृह बांधायचं असतं आणि पहिली नजर त्या कायम निधीवर जाते. बाकीच्या उत्पन्नातला 85 टक्के भाग त्या-त्या वर्षी उद्दिष्टांवर खर्च व्हावा लागतो. बांधकामासाठी जास्त शिल्लक ठेवायची तर कारण आयकर खात्याला लिहून द्यायचं, आणि तेही जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी.

[दृश्य: लेखापरीक्षकाचं टेबल]

वर्षाच्या मध्यात चार्ज घेतला, तर ऑडिट अहवालाची 30 सप्टेंबरची तारीख नव्या मंडळींवर येते, पण हिशोब असतो जुन्यांचा. म्हणून चार्जच्याच दिवशी रोख शिल्लक, बँक शिल्लक आणि थकलेली बिलं यांचा कागद करायचा. त्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही खजिनदारांच्या सह्या घ्यायच्या, आणि एक प्रत लेखापरीक्षकाकडे द्यायची.